घरी केलेला आइस टी फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ का होतो? खराब झाला का?

खराब झालेला नाही, बिनधास्त प्या. चहा गार होताना त्यातलं कॅफिन आणि पॉलिफेनॉल (तुरटपणा देणारे घटक, यांनाच टॅनिनही म्हणतात) एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचे बारीक कण तरंगत राहतात. चहा उद्योगातले लोक यालाच टी क्रीम म्हणतात. खात्री करायची तर ग्लासात थोडं उकळतं पाणी ओता, दुधाळपणा बराचसा निघून जाईल. चहा जितका कडक तितका हा प्रकार जास्त, आणि आपली रोजची दाणेदार सीटीसी पावडर मुळात दूध घालून प्यायचीच, त्यामुळे ती हमखास गढूळते.

नितळ हवा असेल तर उकळूच नका. लिटरभर गार पाण्यात ८-१० ग्रॅम पानांचा चहा (दार्जिलिंग, निलगिरी) घालून रात्रभर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. गार पाण्यात कॅफिन, टॅनिन कमी उतरतात, म्हणून तुरटपणाही कमी. साखर नुसती घातली तर तळाशी बसते, पाक करून घाला. लिंबू पिळल्यावर रंग फिका होतो, तो आंबटाचा परिणाम.

फक्त, टपरीवरच्या कडक चहाची सवय असेल तर हा पाणचट लागेल. मग गरम पाण्यातच करा आणि गढूळपणा चालवून घ्या.