पहिलारू मुलींच्या दुधावरून वळू जोखताना वयाची दुरुस्ती कशी करायची?

तुमच्या एका वळूच्या मुली सगळ्या पहिलारू आहेत आणि दुसऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या वेतातल्या. सरासऱ्या नुसत्या शेजारी मांडल्या तर दुसरा जिंकणारच. होल्स्टिन जातीची पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेली) गाय पूर्ण वयातल्या दुधाच्या साधारण ७० ते ८० टक्केच दूध देते. तिचं अंग अजून वाढत असतं आणि कासही पुढच्या वेतांत भरते. सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान दूध टिपेला जातं, मग हळूहळू उतरतं.

आधी सगळ्या नोंदी ३०५ दिवसांच्या, दोन वेळच्या धारेच्या करून घ्या. २८० दिवसांत आपोआप आटलेली गाय आहे तशी धरा. विकलेल्या किंवा अजून दुधात असलेल्या गाईची नोंद मात्र वाढवून घ्यावी लागते. त्यानंतर वयाचा गुणक (कमी वयातलं दूध पूर्ण वयाच्या पातळीवर आणणारा आकडा) लावा, तोही विताना गाय किती महिन्यांची होती ते बघून. ठरावीक लिटर मिळवण्यापेक्षा गुणणं बरं, कारण दूध वाढतं तसा गाईगाईंतला फरकही वाढतो.

आता खरी गोम. (गुणक फक्त समजण्यापुरते घेतो.) पहिल्या वळूच्या मुलींची सरासरी २,४०० लिटर. १.३० ने गुणली तर ३,१२०, १.२५ ने गुणली तर ३,०००. दुसऱ्याच्या पूर्ण वयातल्या मुलींची ३,०५०. गुणक ०.०५ ने हलला आणि वळूंचा क्रम उलटला! धार मोजताना झालेली चूक पन्नास मुलींत विरून जाते. गुणकाची चूक मात्र पन्नासही मुलींना एकाच दिशेने लागते, मुली वाढवल्या तरी जात नाही.

आणि गुणक चुकतातच. कळपातल्या वयवार सरासऱ्यांवरून काढले तर ते फुगतात, कारण म्हाताऱ्या गाई म्हणजे छाटणीतून उरलेल्या चांगल्या गाई. बरं, त्याच गाईची पहिली दोन वेतं ताडून काढले तर कमी भरतात: पहिल्या वेतात नशिबानेही बरं दूध दिलेल्या गाईच दुसऱ्यापर्यंत ठेवल्या जातात आणि ते नशीब पुन्हा येत नाही. लश आणि श्रोड या पशुप्रजनन संशोधकांनी १९५० मध्ये हे नेमकं दाखवलं होतं. आईचं चौथं वेत आणि मुलीचं पहिलं ताडून वळू ठरवण्याची जुनी पद्धत इथेच मार खाते.

म्हणून माझं मत असं की पहिलं वेत पहिल्याच वेताशी ताडा, तेही त्याच गोठ्यात, त्याच वर्षी, त्याच हंगामात व्यालेल्या इतर वळूंच्या मुलींशी. मग गुणकाला फक्त विताना २६ महिन्यांची आणि ३४ महिन्यांची असलेल्या कालवडींतला फरक भरायचा उरतो. नोंदी पुरेशा असतील तर तयार गुणक नकोतच. वय आणि हंगाम वळूंसोबत एकाच गणितात घाला, अॅनिमल मॉडेलमध्ये (सगळ्या गाई आणि त्यांचे नातेवाईक एकत्र धरणाऱ्या गणितात) तसं करता येतं. अमेरिकेत अॅनिमल मॉडेल १९८९ मध्ये आलं.

अमेरिकन होल्स्टिनच्या गुणकांचं कोष्टक आपल्या संकरित गाईंना लावू नका, गीरला तर नकोच. ते कोष्टक दोन वर्षांच्या आसपास विणाऱ्या कालवडींवर बेतलेलं असतं. आपल्याकडे गीर पहिल्यांदा विते तेव्हा बऱ्याचदा साडेतीन-चार वर्षांची असते.

जन्मतारीख नसेल तर दात बघून वय लिहिलेलं असतं. दोन दाती, चार दाती यावरून सहा महिन्यांची चूक सहज होते, आणि नेमक्या त्याच वयात गुणक सर्वांत भराभर बदलतो. अशा गाईंना वयाऐवजी वेताचा क्रमांक धरा. तोही फक्त मालकाच्या आठवणीवर असेल तर ती नोंद वगळलेली बरी.