घर गेलं तर पोरगीही नेतील का?

मी समुपदेशक आहे. एकच प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून येत राहतो. कधी तो पोलिओमुळे काठी टेकत चालणारी, नवऱ्याने टाकलेली आई विचारते, कधी दृष्टी गेलेली विधवा, कधी अपघातात पाय गमावलेला बाप. घरमालकाने खोली खाली करायला सांगितलेली असते, हाताशी पैसा नसतो आणि पदरात लहान मूल असतं. येताना सगळे घराबद्दलच बोलत येतात. खरा प्रश्न दोन-तीन भेटींनंतर, आवाज खाली घेऊन बाहेर पडतो. "मदत मागायला गेलो, तर लेकरू काढून घेतील का माझ्याकडनं?"

या धास्तीपोटी माणसं ना सरकारी कचेरीत जातात, ना शाळेत बोलतात, ना बहीण-भावाला कळवतात. खोली सुटायच्या दिवसापर्यंत तोंड मिटून बसतात. म्हणून एका बापाची हकीकत सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख बदलून. त्यांना रमेश म्हणू.

रमेश मूळचे लातूरकडचे. पुण्याजवळ भोसरीत एका वर्कशॉपमध्ये ठेकेदारामार्फत कामाला होते. बायको आजारात गेली, मुलगी चौथीत. दुसऱ्या पाळीला जाताना टेम्पोने उडवलं आणि उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. खोली तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. भाडं थकलं तसं मालकाने आधी बोलणी लावली, मग पाणी बंद केलं. पोरगी खालून कळशीने पाणी आणू लागली.

"बहिणीला सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही."

"शाळेत?"

"शाळेत कशाला सांगू मॅडम? बाई लगेच कुणाला तरी फोन लावतील. येतील आणि घेऊन जातील पोरीला. पाय नसलेला, घर नसलेला बाप कोण चालवून घेईल?"

प्रसंगाइतकाच, कधी त्याहूनही जास्त, माणसाला छळतो तो त्या प्रसंगाला त्याने चिकटवलेला अर्थ. माझं सगळं काम या विचारावर उभं आहे. मात्र डोक्यावर छप्पर नसणं ही खरीखुरी आपत्ती आहे. तिला मनाचे खेळ म्हणणाऱ्या समुपदेशकाने या कामात पडू नये. मला रमेशना 'काही होत नाही हो' असं सांगायचं नव्हतं. खोली जाणं आणि बाप म्हणून नालायक ठरणं, या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींत घट्ट गुंतल्या होत्या. तो गुंता सुटल्याशिवाय कुठलाही अर्ज त्यांच्या हातून भरला जाणार नव्हता.

एका भेटीत मी कोरा कागद घेतला. म्हटलं, "चांगला बाप सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय करतो, ते सांगा. तुमचं सांगू नका, कुठल्याही चांगल्या बापाचं सांगा. मी लिहून घेते."

ते सांगू लागले. पोरीला वेळेवर उठवतो. डबा करून देतो. दप्तर बघतो. ताप आला तर रात्रभर बसतो. दारू पिऊन घरी येत नाही. पोरीवर हात उचलत नाही. मग थोडं अडखळून म्हणाले, "वेण्या घालतो. म्हणजे, आई नसली तर." शाळेत लाल रिबिनीच्या दोन वेण्या लागतात. शेजारच्या मावशींनी एकदा दाखवल्या, पुढे रमेशनी खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पेड बांधून रात्री हात बसवला होता. हे सांगताना त्यांच्या बोटांनी हवेत पेड घातले, त्यांच्याही नकळत.

कागद भरला. मी तो त्यांच्याकडे फिरवला आणि विचारलं, "यातलं तुम्ही काय करत नाही?"

ते प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत वाचत गेले. बराच वेळ गेला. "पालकसभेला जात नाही," ते म्हणाले. "तीन मजले उतरायचे आणि पुन्हा चढायचे, जीव जातो." बाकी कुठेच बोट थांबलं नाही. मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाला बोलण्याचा मोह आवरता आला पाहिजे. तेवढं मला इतक्या वर्षांत साधलं आहे.

मग तेच म्हणाले, "यात खोली नाही लिहिली तुम्ही."

"तुम्ही सांगितली नाहीत."

कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे खोली गेली, तर खोली जाईल." थोड्या वेळाने, "बाप नाही जाणार."

ते वाक्य त्यांचं त्यांना सापडलं, याचं मला फार मोल वाटतं. मी उपदेश म्हणून हेच सांगितलं असतं, तर मान डोलावून ते घरी गेले असते आणि पुन्हा दार लावून बसले असते.

आता या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार ज्याला राहायला घर नाही आणि उदरनिर्वाहाचं साधनही दिसत नाही असं मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' या व्याख्येत येतं. भीती इथूनच पसरते. पण हाच कायदा असंही सांगतो, की मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय आणि मुलाची पहिली जागा त्याच्या कुटुंबात. एकल पालकाच्या मुलासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपयांची. मूल घरीच राहावं, हाच तिचा हेतू. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या ज्या बाल कल्याण समितीच्या नावाने पालक घाबरतात, तिच्याच मंजुरीने हे पैसे मिळतात. रमेशना हे पटायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर ते आधी मुलीच्या वर्गशिक्षिकांना भेटले. बाईंनी कुणालाच फोन लावला नाही. बोनाफाईड दिलं आणि पालकसभेला येणं जमत नसेल तर फोनवर बोलू म्हणाल्या.

घराच्या बाबतीत माझा आग्रह एकच असतो. आधी आहे ती जागा टिकवायची, मग नवी शोधायची. 'माझ्याकडे कागदच नाही, मी काय भांडणार?' असं पुष्कळ जण म्हणतात. रमेशही म्हणाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि तो केला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. वाजवी कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी-वीज तोडता येत नाही. आणि दिव्यांग व्यक्तीला, तशीच कुठल्याही स्त्रीला, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला की कुठे जायचं ते कळतं. रमेशच्या वकिलांचं पत्र गेल्यावर पाणी सुरू झालं आणि थकलेल्या भाड्याचे हप्ते ठरले. भाडं थकलं होतं हे खरंच होतं, ते द्यायचंच होतं. फक्त श्वास घ्यायला वेळ मिळाला.

दुसरं, कचेरीत काय बोलायचं याचा आम्ही सराव केला. मी टेबलापलीकडचा क्लार्क झाले. रमेश म्हणाले, "साहेब, लई अडचण आहे, काहीतरी करा." मी म्हटलं, "बघू, सोमवारी या." पुन्हा. आणखी एकदा. शेवटी त्यांच्या तोंडून नेमकं आलं, "संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आहे, कागद जोडलेत. काही कमी असेल तर लिहून द्या, नाहीतर पोच द्या." आवाजही बदलला होता. गयावया करणाऱ्याला पुढची तारीख मिळते, पोच मागणाऱ्याचा कागद पुढे सरकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी कागदांचंही सांगते. सगळ्यात आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. टक्केवारी ४० किंवा त्याहून जास्त असली की बहुतेक दारं उघडतात. संजय गांधी योजनेत दिव्यांगांना आता दरमहा २,५०० रुपये मिळतात, पण महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जुनं रेशनकार्ड, शाळेचा दाखला जपून ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घरवाटपाच्या शासकीय योजनांत पाच टक्के आरक्षण दिलं आहे, त्यातही दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य. प्रधानमंत्री आवास किंवा म्हाडाचा अर्ज भरताना तो रकाना कोरा सोडू नका. मात्र सोडतीतलं घर उद्या मिळत नाही, आणि त्यात स्वतःचा वाटाही भरावा लागतो. त्याच्या भरवशावर आजची खोली सोडू नका. पालिकेलाही तिच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून तुमच्या शहरात काय मिळतं, हे समाजविकास विभागात विचारा.

आणि कामावर जाता-येता अपघात झाला असेल, पगारातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, पैसे कापले जात असतील, तर तो कामावरचाच अपघात धरला जाऊ शकतो. २०१० च्या दुरुस्तीने तशी सोय झाली आहे. रमेशना हे ठाऊकच नव्हतं. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, म्हणून दावा दाखल तरी करता आला.

तो दावा अजून चालू आहे. निराधारचा अर्ज एकदा त्रुटी काढून परत आला, ती पूर्तता रमेशनी एकट्याने जाऊन केली. बहिणीला अखेर त्यांनीच फोन केला. ती आधी खूप रागावली, मग डिपॉझिटची निम्मी रक्कम तिने दिली. दिघीत तळमजल्यावर खोली मिळाली आहे, अकरा महिन्यांचा करार नोंदवलेला आहे. घर बदललं त्या महिन्यात शाळेत पालकसभा होती. रमेश गेले होते.