माझ्या वहीत आईची एकही तारीख चुकलेली नव्हती

सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिलेल्या असूनही ते त्या घेत नाहीत, रुग्ण असे का वागतात आणि त्यांना कसे समजवावे, असा आपला प्रश्न आहे. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी २२ वर्षांपासून औषधांचे दुकान चालवतो, आणि आपल्या प्रश्नातील ‘समजवावे’ हा शब्द खटकला म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

माझ्या गल्ल्याशेजारी एक वही असते. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड असे कायमचे आजार असलेल्या गिऱ्हाइकांची नावे, दिलेल्या गोळ्या आणि पुढच्या खरेदीची तारीख मी तीत लिहून ठेवतो. ३० गोळ्या नेलेला माणूस ७० दिवसांनी परत आला, तर तो तोंडाने काहीही सांगो, वही खरे सांगते. विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांची औषधे सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्केच असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटले आहे, आणि माझी वही चाळताना मला त्याचे कधी नवल वाटले नाही. या वहीत एक नाव मात्र निष्कलंक होते, ते माझ्या आईचे. दर महिन्याच्या पाच तारखेला ती आठवणीने गोळ्या मागून घेई, आणि तारीख चुकवणाऱ्या शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकांना मी तिचे उदाहरण ऐकवत असे.

२०१९ च्या पोळ्यानंतर दहाएक दिवसांनी आई रानात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेईपर्यंत तिची जीभ जड झाली होती आणि रक्तदाब २१० च्या पुढे होता. गोळ्या चालू असताना असे कसे झाले, हे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी छातीठोकपणे सांगितले की एकही दिवस चुकलेला नाही. पुण्याहून रात्रीतून आलेले माझे थोरले बंधू मात्र दारातूनच म्हणाले की, तिने गोळ्या घेतल्याच नसणार, अडाणी माणसांना शिस्त नसते. गोळ्या घेतल्या नव्हत्या, एवढे त्यांचे खरे निघाले.

आईने कारण मला सांगितले नाही, माझ्या पत्नीला सांगितले, तेही तिसऱ्या दिवशी वेणी घालून घेताना. “गोळी घेतली की घंट्या-घंट्याला जावं लागतंय. तुरीत आडोसा तरी असतोय, सोयाबीनात कुठं बसावं? शेजारी गडीमाणसं औत हाकतेत.” तिच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर होते, म्हणजे तीत लघवी वाढवणारे औषध होते. अशी गोळी रात्री घेतल्यास झोपमोड होते, म्हणून ती सकाळीच घ्यावी, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि आईलाही मीच सांगितले होते. आठ वाजता गोळी घेऊन नऊ वाजता उघड्या रानात जाणाऱ्या बाईचे काय होत असेल, हा विचार दुकानात बसून मला एकदाही सुचला नव्हता. आणि गोळ्या कुठे गेल्या? दर महिन्याला ती त्या शेजारच्या काकूंना देत होती, कारण त्यांनाही ‘बीपीच’ होते आणि लेकाच्या दुकानातली वस्तू फेकून देणे तिला पटत नव्हते. त्या काकूंचे नाव माझ्या वहीतून आठ महिन्यांपासून गायब होते, आणि त्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेत असतील असे मी गृहीत धरले होते.

पत्नीने ही अडचण सांगताच डॉक्टरांनी लघवीचे औषध काढून दुसरी गोळी लिहून दिली. त्या गोळीने पाय थोडे सुजू शकतात, हे त्यांनी आधीच सांगितल्यामुळे आई घाबरली नाही, आणि आजतागायत ती गोळी घेते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, औषध न घेणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा कारण असते आणि ते सांगायची त्याला लाज किंवा भीती वाटते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारा माणूस गोळ्या आणायला एक दिवस गेला, तर त्याचा खाडा पडतो. ज्याला डोकेदुखीसुद्धा होत नाही, त्याला रोज पैसे मोडून गोळी गिळणे हा खुळेपणा वाटतो. आपल्या सासऱ्यांचे कारण मला इथून कळणार नाही, परंतु रक्तदाबाच्या काही औषधांनी पुरुषांच्या वैवाहिक संबंधांत अडचण येते, आणि कोणताही सासरा ते सुनेला सांगणार नाही. तेव्हा त्यांना समजावू नका. पारावर त्यांच्यासोबत बसणाऱ्या एखाद्या समवयस्काकडून विचारून घ्या आणि कळलेले डॉक्टरांच्या कानावर घाला.

यावरून गोळी आपल्या मनाने बंद करावी किंवा बदलावी, असा अर्थ कृपया काढू नये. लघवीची गोळी चांगली आणि स्वस्त आहे, अनेकांना तिचीच गरज असते. क्षयरोगाच्या बाबतीत तर दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून औषध सोडणाऱ्याची मी गय करत नाही, कारण तिथे सहा महिन्यांचा उपचार अर्धवट राहिला तर जंतू औषधाला जुमानेनासे होऊ शकतात. काही माणसे खरोखरच विसरतात, त्यांना मोबाइलचा गजर उपयोगी पडतो, हेही मान्य करतो.

आमच्या बंधूंनी त्याच आठवड्यात आईला सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा आणून दिला होता आणि मोबाइलवर गजर लावून दिला होता. आई त्या डब्यामुळेच सुधारली, असे ते आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात. त्या डब्यात आई लवंग, वेलदोडे आणि सुटे पैसे ठेवते, आणि गजर वाजला की तो बंद करण्यासाठी मला दुकानातून हाक मारते.