रॉ फूटेज कुणाचं?

प्रश्न: मी सांगलीत लग्नांचं शूटिंग करतो. एक काम व्हॉट्सअ‍ॅपवरच 85 हजारांत ठरलं, 50 हजार मिळाले. टीझर आणि फिल्म दिली. आता मुलीचे वडील तिसऱ्यांदा बदल सांगताहेत. यूट्यूबवर टाकायचंय म्हणून सिनेमातलं गाणं घाला, सगळं रॉ फूटेज (एडिट न केलेलं मूळ चित्रण) द्या, मगच उरलेले 35 हजार, असं त्यांचं म्हणणं. माझ्या कलेत त्यांनी किती ढवळाढवळ करायची?

उत्तर: आधी कडू औषध देतो. कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 17 तुमच्या बाजूचं नाही. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून केलेली फिल्म, उलट करार नसेल तर, पहिल्यापासून त्या सांगणाऱ्याची. कादंबरीकाराला जे आपोआप मिळतं, ते तुम्हाला लिहून घ्यावं लागतं. तो टीझर तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकला असेल, तर आजच उतरवा.

पण फिल्म त्यांची झाली म्हणून तुमची मेहनत फुकट होत नाही. चॅट वाचा. कितीदा बदल करणार, हे ठरलंय का? ‘मस्त झालीय’ असा त्यांचा एखादा मेसेज सापडला तर तो जपा. बदलांचा आकडाच ठरलेला नसेल, तर वाजवी तेवढे करून दिलेत, यावर ठाम राहा.

रॉ फूटेज देणं ठरलं नव्हतं, हा तुमचा मुद्दा खरा. मात्र कलम 17 मुळे त्यांची मागणीही अगदीच पोकळ नाही. मी असतो तर हार्ड डिस्कचा खर्च वेगळा लावून, बाकी हातात पडताच देऊन टाकलं असतं. रागाच्या भरात डिलीट मात्र करू नका. अंतरपाट दुसऱ्यांदा धरता येत नाही, आणि ते ग्राहक आयोगात गेले तर तुम्हाला फार जड जाईल.

गाण्याला बिनधास्त नाही म्हणा. कलम 52 मधली सूट लग्नात, वरातीत गाणं वाजवण्यापुरती आहे. तेच गाणं फिल्मवर चढवून यूट्यूबवर टाकायला हक्कदाराची परवानगी लागते.

आता बाकीची मागणी ईमेलने पाठवा, 15 दिवस द्या, मग नोटीस. दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. चॅट पुरावा म्हणून चालतं, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून तो फोन फॉरमॅट करू नका. 35 हजारांसाठी कोर्टात गेलात तर माझ्यासारख्या वकिलाची फी जाऊन किती उरेल, तेही मोजा. पाच हजार सोडून मिटत असेल तर मिटवा.

पुढच्या बुकिंगला बयाणा घेण्याआधी एका पानावर सही घ्या: बदल दोनदा, रॉ फूटेजचे पैसे वेगळे, टीझर तुमच्या पेजवर टाकायची मुभा.