चर्चमधलं लग्न आणि राखीव प्रभागातली जागा

प्रश्न : मी नागपूरची, जन्माने बौद्ध. आजोबांच्या कोतवाल नकलेत (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीच्या प्रतीत) जात महार आहे. पती कॅथलिक असून आमचं लग्न चर्चमध्ये झालं, दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा झाला आहे. अनुसूचित जाती महिलांसाठी राखीव प्रभागातून मी निवडून आले. आता हरलेल्या उमेदवाराने ‘ही ख्रिश्चन झाली’ म्हणून जात पडताळणी समितीकडे तक्रार केली आहे, लग्नाचे आणि नाताळचे फोटो जोडून. भन्तेजींकडून धम्मदीक्षेचं नवं प्रमाणपत्र घेऊ का? चर्चला जाणं बंद करू का?

उत्तर : जयभीम ताई. दोन्ही करू नका. तक्रार झाल्यानंतरच्या तारखेचा कागद तुमच्या बाजूने नाही, तुमच्याविरुद्धच बोलेल.

नगरसेवक, आमदार, खासदार व्हायला आपल्या देशात अमुक धर्माचं असावं लागत नाही. आमदार-खासदारांनी शपथ ईश्वरसाक्ष घ्यायची की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, हेही राज्यघटनेने त्यांच्यावरच सोडलं आहे. अनुसूचित जातींच्या राखीव जागेला मात्र धर्माची अट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ती सुरुवातीला हिंदूंपुरती होती. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिश्चन किंवा मुस्लिम धर्म मानणाऱ्याला, त्याची जात कोणतीही असो, ती जागा मिळत नाही. अनुसूचित जमातींना अशी अट नाही. मला ही अट अन्यायाची वाटते, कारण धर्म बदलला म्हणून वस्तीतली वागणूक बदलत नाही. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आयोग नेमला. पण समिती तुमचं प्रकरण १९५० च्या आदेशावरच तपासणार.

नागपूरने या अटीची किंमत मोजली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत इथे लाखोंनी दीक्षा घेतली. पुढे साठच्या दशकात नागपूरच्याच राखीव जागेवरून विधानसभेत गेलेल्या डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली, कारण ते बौद्ध झाले होते. त्या ‘पंजाबराव विरुद्ध मेश्राम’ निकालातलं सूत्र आजही वापरलं जातं : माणसाने जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचं लोकांना कळेल असं जाहीर केलं असेल, तर तो नव्या धर्माचा. तुमच्या बाबतीतही हेच विचारलं जाईल. तुम्ही स्वतः काय जाहीर केलंत?

लग्नाने ते ठरत नाही. बाईची जात जन्माची असते, नवऱ्याच्या धर्माने ती पुसली जात नाही. चर्चमधला विवाहही पुरावा होत नाही, कारण १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्यात वधू-वरांपैकी एक ख्रिश्चन असला तरी पुरतं. उलट इथेच तुमचा सर्वांत भक्कम कागद असू शकतो. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी कॅथलिकाचं लग्न लावायला धर्मप्रांताकडून (बिशपच्या कार्यालयाकडून) खास सूट घ्यावी लागते आणि पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) दप्तरात त्याची नोंद राहते. त्या नोंदीचा दाखला आजच मागा. लग्नाच्या दिवशी तुम्ही ख्रिश्चन नव्हता, हे त्या चर्चच्याच कागदावरून सिद्ध होईल. मुलांचं म्हणाल, तर अशा लग्नात मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी प्रयत्न करण्याचं वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावं लागतं. त्यावरून आईचं धर्मांतर ठरत नाही. मात्र बाप्तिस्म्याच्या नोंदीत, शाळेच्या प्रवेश अर्जात आईचा धर्म काय लिहिलाय ते पाहून घ्या. नाताळच्या फोटोंची काळजी सोडा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही : लग्नानंतर तुमचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला का? तुम्ही कम्युनियन (मिस्सामधला पवित्र भाकरीचा प्रसाद) घेता का? मला नाही, पण तुमच्या वकिलाला हे आजच खरं सांगा. झाला नसेल तर जोमाने लढा. झाला असेल आणि आजही श्रद्धा तीच असेल, तर जागा वाचवण्यासाठी खोटं प्रतिज्ञापत्र करू नका. पुदुच्चेरीच्या सी. सेल्वराणी यांचा बाप्तिस्मा बालपणीच झाला होता, त्या नियमित चर्चला जात होत्या, तरी राखीव नोकरीसाठी त्यांनी हिंदू असल्याचा दावा केला. २६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी केलेल्या अशा दाव्याला राज्यघटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. आपल्या राज्याच्या जात प्रमाणपत्र कायद्यात खोट्या दाव्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. शिवाय आपल्या माणसांसाठी राखलेली ती खुर्ची आहे, ताई. ती खोटेपणाने धरून ठेवू नये. सर्वसाधारण महिला जागेवर मात्र तुम्ही कोणत्याही धर्माच्या म्हणून उभ्या राहू शकता, तिथे कुणी धर्म विचारू शकत नाही.

समितीपुढे दावा सिद्ध करायची जबाबदारी तुमचीच आहे. कोतवाल नक्कल, वडिलांचा आणि तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची नोंद आणि धर्मप्रांताची सूट, एवढं लेखी उत्तरासोबत जोडा. समितीचं दक्षता पथक चौकशीला घरी आलं तर पतीने जे आहे तेच सांगावं. तारखा वाढवून घेऊ नका : पडताळणी प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत दाखल न झाल्यास पद आपोआप जातं, आणि ही मुदत बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. निर्णय विरोधात गेला तर समितीवर वेगळं अपील नसतं. थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करावी लागेल. निकालाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा.