सीडी४ वाढवणारं इंजेक्शन

प्रश्न : माझ्या पतींना एचआयव्ही आहे आणि ते चार वर्षं एआरटीवर, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांवर, आहेत. व्हायरल लोडच्या रिपोर्टमध्ये विषाणू सापडत नाही, पण सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा रक्तातला आकडा, २२०च्या पुढे सरकत नाही. इंटरल्यूकिनचं इंजेक्शन दिलं की पेशी वाढतात असं वाचलं. ते घ्यावं का? (एक वाचक, सोलापूर)

पेशी वाढतात, हे खरं आहे. प्रश्न आहे तो त्या वाढीचा उपयोग काय, एवढाच.

पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो इंटरल्यूकिन नावाच्या प्रथिनांमार्फत. त्यांतल्या इंटरल्यूकिन-२ची कसून तपासणी झाली. ‘एस्प्रिट’ या चाचणीत ४,१११ रुग्ण होते आणि ‘सिल्कॅट’मध्ये १,६९५. निम्म्यांना नुसती एआरटी आणि निम्म्यांना सोबत इंजेक्शन : पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली, दिवसातून दोनदा, सलग पाच दिवस, आणि आठ आठवड्यांनी पुन्हा तेच. एस्प्रिटमध्ये एका वेळचा डोस ७५ लाख युनिट होता. त्या पाच दिवसांत ताप, थंडी, अंगदुखी ठरलेली.

सुमारे सात वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निकाल आले. इंजेक्शनवाल्यांचा सीडी४ एस्प्रिटमध्ये सरासरी १५९ने आणि सिल्कॅटमध्ये ५३ने जास्त होता. संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती खालावल्यावर डोकं वर काढणारे) आणि मृत्यू मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच. शिवाय एस्प्रिटमध्ये इंजेक्शनवाल्या गटात गंभीर त्रास जास्त झाले.

असं का व्हावं? नव्या जंतूला ओळखतील अशा ताज्या पेशी फारशा तयार झाल्या नाहीत. आहेत त्याच पेशी जास्त दिवस जगल्या. त्यांतल्या बऱ्याच पेशींवर प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पेशींच्या खुणा होत्या. हजेरीपटावर नावं वाढली, कामाला माणसं तेवढीच! एचआयव्हीसाठी हे इंजेक्शन मान्य उपचार नाही. कुणी खासगीत देऊ केलं तर घेऊ नका.

प्रश्न : मग इंटरल्यूकिन-७चं काय? (वाचक, पुणे)

ते जास्त आशादायक वाटलं होतं, कारण त्याने ताज्या, ‘अननुभवी’ टी-पेशीही (सीडी४ पेशी याच प्रकारातल्या) वाढतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे २० मायक्रोग्रॅम, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिल्यावर अनेकांचा सीडी४ ५००च्या वर गेला. पण ज्या पेशींत विषाणू दडून बसतो त्याही याच निरोपाने वाढतात. आजार कमी होतात याचा पुरावा अजून नाही.

प्रश्न : सीडी४ वाढतच नसेल तर करायचं काय? (सोलापूरच्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

आधी आकडा खरा आहे का, ते पाहा. सीडी४ सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतो. सर्दीताप आला किंवा स्टेरॉइड सुरू असलं तरी घसरतो. म्हणून दरवेळी त्याच प्रयोगशाळेत, साधारण त्याच वेळी रक्त द्या आणि रिपोर्टवरची सीडी४ची टक्केवारीही बघा. ती आकड्याइतकी हेलकावत नाही.

गोळ्यांत झिडोव्ह्युडीन असेल तर डॉक्टरांना विचारा, ते रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दाबतं. क्षयरोग, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी करून घ्या. उपचार उशिरा, सीडी४ खूप खाली गेल्यावर सुरू झाले असतील तर यातलं काही नसतानाही आकडा अडतो. वयाने आटलेली थायमस ग्रंथी (टी-पेशी इथे तयार होतात) आणि चट्टे पडलेल्या लसीकाग्रंथी तो फार वर चढू देत नाहीत.

आकडा ३५०च्या खाली असेपर्यंत कोट्रायमॉक्साझोल या संसर्ग टाळणाऱ्या औषधाची रोजची ९६० मिलिग्रॅमची गोळी मनाने बंद करू नका. क्षय प्रतिबंधक उपचार झाले नसतील तर एआरटी केंद्रात तशी मागणी करा.

प्रश्न : प्रतिकारशक्तीची पावडर घेतली तर चालेल? (वाचक, नांदेड)

सीडी४ त्याने वाढत नाही. डब्यावरचे घटक मात्र वाचा. कॅल्शियम, लोह, झिंक किंवा मॅग्नेशियम असेल तर ते आतड्यात एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाला चिकटतं आणि औषध रक्तात कमी पोचतं. अॅसिडिटीच्या पातळ औषधांचंही तेच. एआरटीची गोळी अशा गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी डॉक्टरांनीच लिहून दिली असेल तर ती जेवणासोबत, एआरटीच्याच वेळी घेतलेली चालते. अॅसिडिटीच्या औषधाला ही सवलत नाही.