शिकागो १८९३ चं कांस्यपदक: खरं कसं ओळखायचं, उजळून घ्यावं का?

तुम्हाला ट्रंकेत शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातल्या विजेत्यांना दिलं जायचं तसं कांस्यपदक सापडलंय; ते खरं का आणि उजळून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. आधी तुमचा शेवटचा प्रश्न: नाही, गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, नेऊन पॉलिश अजिबात करून घेऊ नका. घरी चिंच-मीठही लावू नका. आमच्या काकांनी कुस्तीचं एक जुनं पदक असंच घासलं. पितळी तांब्यासारखं लखलखलं, पण मल्लाचं नाक गेलं. तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, पदकाचा मूळ रंग.

आता खरं-खोटं. या पदकाचा व्यास सुमारे ७६ मिलिमीटर, म्हणजे तळहात जवळजवळ भरतो. पुढच्या बाजूला किनाऱ्यावर पाऊल ठेवणारा कोलंबस, शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स. मागची बाजूही त्यांनीच केली होती, पण त्यातल्या नग्न तरुणावरून गदारोळ झाला आणि ते काम अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीच्या चार्ल्स बार्बरकडे गेलं. या भानगडीत पदकं विजेत्यांच्या हाती पडायला १८९६ उजाडलं! (राजा रविवर्म्यांची चित्रंही याच प्रदर्शनात गौरवली गेली होती.)

मागे खाली चौकटीत विजेत्याचं नाव असतं. गुजरीतल्या एखाद्या ओळखीच्या सराफाचं भिंग घ्या आणि ती अक्षरं बघा. साच्यात नावाचा वेगळा तुकडा बसवून ठोकल्यामुळे ती उठावाची असतात. खोदलेली दिसली तर शंका घ्या. अक्षरांच्या कडा बोथट आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं असतील तर ती ओतीव नक्कल. ट्रंकेत ॲल्युमिनियमची डबीही शोधा, पदक त्यातूनच दिलं जायचं.